अलेयम्मा टीचरची खरी वाक्यं

२८ मे, बुधवार. सकाळी साडेनऊपासून मी अलेयम्मा टीचरच्या स्वयंपाकघरात उभी राहून बरण्या रिकाम्या करत होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. घर त्या दिवशी बंद होणार होतं, टीचरची आणि त्यांच्या मुलीची केरळला जायची गाडी संध्याकाळची होती, आणि डाळ-तांदूळ तसेच डब्यात ठेवले की पावसाळ्यात घरभर किडे होतात. कुणीतरी करायलाच हवं होतं.

मिठाच्या बरणीला एक रबर. साखरेला दोन. चहाला तीन. कॉफीला तीन रबर आणि झाकणाला दोरा. रबर जुने होते, काचेला चिकटलेले, नखाने खरवडून काढावे लागत होते. आठ महिने मी या बरण्या बघत होते. बाई विक्षिप्त आहे, यापलीकडे त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

"मार्था, झाकनं बदलू नको," बाहेरच्या खोलीतून टीचर म्हणाल्या. "ज्याचं झाकन त्यालाच."

"बरण्या वॉचमनच्या बायकोला द्यायच्यात, टीचर. तिला काय फरक पडतो?"

"मग रबर कशाला काढतेस? तिला सांग, एक रबर मीठ."

मी खरवडणं थांबवलं.

मी वसई स्टेशनच्या पश्चिमेला एका छोट्या नर्सिंग होमचं ऑफिस सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. राहते वटारला, जाते-येते स्कूटरने. ड्युटीचे तक्ते, रजा, औषधांचं कपाट, लिफ्ट बंद पडली की लिफ्टवाला, सगळं माझ्याकडे. आमच्या अकरा सिस्टरांपैकी सात केरळच्या. कामाला चोख. माझी तक्रार एकच होती. मी ड्युटीरूमच्या दारात पाऊल टाकलं की तोवर मराठी-हिंदीत चाललेलं बोलणं नळ फिरवावा तसं मल्याळमवर जायचं.

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. समोरचा माणूस चांगलाच असणार असं धरून चालणाऱ्या बाईच्या हातात औषधांच्या कपाटाची किल्ली कुणी देत नाही. त्यातून गेल्या वर्षी शायनी, आमची सगळ्यांत जुनी सिस्टर, रोज दुपारी दोनच्या सुमारास वीस मिनिटं कुठेतरी नाहीशी व्हायची. विचारलं की म्हणायची, "इथंच होते, मॅडम." इथं म्हणजे कुठं, ते चार मजल्यांवर कुणालाच ठाऊक नसायचं. मी तिला दोनदा मेमो दिला. दोन्ही मेमो तिने नीट घडी करून खिशात घातले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मग मी ठरवलं, भाषाच शिकून घ्यायची. कुणाला न सांगता.

एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या नोटीस बोर्डावर मला एक कागद दिसला होता. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, जाड काळं मार्कर, तळहाताएवढी अक्षरं: मल्याळम. नवीन मानसांसाठी. बुधवार, शनिवार. पत्ता आमच्या नर्सिंग होमच्या मागच्याच गल्लीतला. सप्टेंबरातल्या एका बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी गेले.

दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून पांढरे केस, खोबरेलाचा वास, आणि माझ्या कानाजवळ कुठेतरी रोखलेली नजर.

"कोन?"

"मल्याळम शिकायचंय."

"लग्न?"

"झालंय. चोवीस वर्षं झाली."

"तुमचं नाय विचारत. मुलाचं. मल्याळी मुलीशी?"

"मुलगा बारावीत आहे."

"केरळात बदली?"

"नाही."

"मग कशाला?"

"आवड म्हणून."

"काम कुठं करता?"

"ऑफिसात."

"कसलं ऑफिस?"

"साधंच."

साखळी निघाली. "चप्पल डाव्या हाताला, भिंतीला चिकटून. मधे नाय. आनि बेल तुमी एकदाच वाजवायची, लांब. दोनदा वाजवते ती प्राजक्ता. तीनदा दूधवाला. दुसरी कशी वाजली तर मी उघडत नाय."

टीचर चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर वसईला आल्या. नवरा कारखान्यात होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. इथल्या मल्याळी मुलांना त्यांनी घरी अक्षरं शिकवली, त्या मुलांच्या मुलांनाही शिकवली, आणि पोरं इंग्रजीच्या मागे लागल्यावर मराठी माणसांना शिकवायला लागल्या. त्यांचं स्वतःचं मराठी बाजारातल्या कोळणीकडून शिकलेलं. त्यामुळे सुरमईची चार नावं त्यांना ठाऊक होती, पण ण हे अक्षर त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. पानी, लोनी, कोन. प्राजक्ता एकदा हसली तेव्हा म्हणाल्या, "माझी टीचर टोपलीवर बसायची. तुझी खुर्चीवर बसते. तुला जास्त यायला पायजे."

ही प्राजक्ता विरारची. आयटीत नोकरी, लग्न एका मल्याळी मुलाशी ठरलेलं, आणि होणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत गार करायचं हा तिचा बेत. वर्गात आम्ही दोघीच.

टीचरचा विश्वास कुणावर नव्हता. दूधवाल्यावर नाही, दूध घेतलं की बोट बुडवून बोटाला बोट घासून बघायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीवर नाही. तो सहीला कागद घेऊन आला की "मुलीला विचारून सांगते" म्हणून दार लावायच्या. आणि माझ्यावर तर अजिबातच नाही. मी काहीही विचारलं की आधी प्रश्न यायचा, "तुमाला हे कशाला पायजे?" उशी, खुर्ची, स्टूल कुणी जागचं हलवलं तर मात्र आवाज चढायचा. प्राजक्ताने एकदा पाय पसरायला स्टूल पुढे ओढलं. टीचर आतून चहा घेऊन येत होत्या. स्टूल सरकल्याचा आवाज ऐकून तिथंच थांबल्या. "जागेवर," त्या म्हणाल्या. प्राजक्ताने स्टूल जागेवर ठेवलं, तेव्हाच पाऊल पुढे टाकलं.

चौथ्या तासाला त्यांनी जर-तरची वाक्यं काढली. मला आश्चर्य वाटलं. अजून आम्हाला नाव-गाव धड सांगता येत नव्हतं.

"नाव काय, गाव काय, हे कोनीपन शिकवतो," टीचर म्हणाल्या. "घर चालतं ते 'तर'वर. दूधवाला आला तर दुधाचा चहा. नाय आला तर काळा. आदी हे शिका."

वन्नु म्हणजे आला. त्याचं शेपूट कापायचं आणि 'आल' जोडायचं. वन्नाल, आला तर. पोयी म्हणजे गेला. पोयाल, गेला तर. पुढे काय होईल ते पुढे लावायचं. संपलं. इतकं सोपं असेल यावर माझा विश्वास बसेना. मी दोनदा विचारलं, यात अपवाद काय?

"सोपं निघालं म्हनून घाबरलात?" त्या म्हणाल्या. "अवघड पुढे आहे. आला असता तर, गेले नसते तर. ते रडायचं व्याकरन. ते मी नवीन मानसांना शिकवत नाय."

गृहपाठाचा नियम एकच. प्रत्येकीने दर तासाला दोन वाक्यं आणायची, स्वतःच्या घरातली, आणि खरी. पुस्तकातली चालत नसत. जानेवारीत प्राजक्ता म्हणाली, "मॅम, माझं अॅक्च्युली एकदम सिंपल आहे. पाऊस पडला तर मी छत्री घेईन."

"आता महिना कोनता?"

"जानेवारी."

"मग पाऊस कसा पडेल?"

"मॅम, एक्झाम्पल आहे ना!"

"खोटं वाक्य आहे. खोट्या वाक्यावर जीभ वळत नाय. घरी काय झालं ते सांग."

प्राजक्ता जरा घुटमळली. मग म्हणाली, "सासूबाईंनी फोन केला तर... मी बाथरूममध्ये जाते."

"हां," टीचर खूश झाल्या. "आता शिकशील."

मी वाक्य दिलं, नवरा उशिरा आला तर मी जेवून घेते.

"खरंच घेता?"

"घेते."

"छान. खरं वाक्य."

खऱ्या वाक्यांचा एक तोटा असा की माणसाचं घर उघडं पडतं. त्यांचंही पडलं. आमच्यासाठी नमुन्याची वाक्यं त्या कॅलेंडरच्या पानामागे त्याच तळहाताएवढ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावत. त्यांतलं एक वाक्य महिना-दोन महिने हललं नाही: मगळ वन्नाल ञान पोगणम. मुलगी आली तर मला जावं लागेल.

मुलगी म्हणजे लिसी. मस्कतला असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि तिने आईला बजावून ठेवलं होतं की तू पडलीस, गॅस उघडा राहिला, काहीही एक ऐकलं, तर मी येईन आणि तुला उचलून कोट्टयमजवळ नन्सच्या आश्रमात नेऊन ठेवेन. टीचरना ते नको होतं. प्राजक्ता म्हणाली, "पण मॅम, स्वतःचं गाव, स्वतःची भाषा, मस्त ना?"

"तिथं सगळ्यांना मल्याळम येतं," टीचर म्हणाल्या. "मी कोनाला शिकवू? इथं मी टीचर. तिथं एक म्हातारी."

मला ते पटलं होतं. पण टीचरच मला पटत नव्हत्या.

एक तर प्रगती होईना. पाच महिने झाले तरी मी आंबा, खुर्ची, दूधवाला आणि फणसाभोवतीच फिरत होते. ताप, सुई, रजा, ड्युटी हे शब्द मी विचारले की त्या म्हणायच्या, "ते नंतर." नंतर कधी, ते नाही. दुसरं म्हणजे त्या वह्या तपासत नसत. वही पुढे केली की हातात घेऊन पानावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "वाच." वाचलं की कानाने ऐकून चूक सांगायच्या. चूक बरोबर सांगायच्या, हे खरं. पण आम्ही लिहिलेलं त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी ड्युटीरूमच्या दाराशी आले आणि आतलं एक वाक्य कानावर पडलं. शायनी कुणाला तरी सांगत होती. सगळं कळलं नाही. 'मरुन्नु' कळलं, म्हणजे औषध. 'रण्डु मणि' कळलं; दोन वाजता. आणि मग, अगदी स्पष्ट, "मॅडम अरिञ्ञाल..." पुढचं तिने बोलून दाखवलंच नाही. नुसता श्वास सोडला. मी आत गेले तर सगळ्या एकदम आपापल्या फायलींत.

'आल' माझ्या ओळखीचं होतं. शेवटी 'तर' आहे. मॅडम मीच. मॅडमनी काय केलं तर?

त्या संध्याकाळी टीचरना विचारलं. "अरिञ्ञाल म्हणजे?"

टीचर नारळ खवत होत्या. हात थांबला. "कुठं ऐकलं?"

"टीव्हीवर."

"अजून शिकवलं नाय ते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खवायला लागल्या. "पुढच्या महिन्यात."

दुसऱ्या दिवशी मी औषधांचं कपाट पूर्ण मोजून घेतलं. एक गोळीही कमी नव्हती. याने माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. चोरी सापडली नाही की संशय दुप्पट होतो, हा या धंद्यातला माझा अनुभव आहे.

एकदा मी त्यांच्यासाठी घरची सुकेळी नेली. आमच्या वाडीत राजेळी केळी आहेत, सासूबाई अजूनही उन्हात वाळवून सुकेळी करतात. केळीच्या पानातली गुंडाळी हातात देताच टीचरनी सोडायच्या आधीच वास घेतला. "राजेळी," त्या म्हणाल्या. एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात, "का आनलंस?"

"सहज."

"सहज कोन काय आनत नाय. तू दिलंस तर मला काहीतरी द्यावं लागेल. बोल, मल्याळममधे बोल."

मी वाक्य जुळवलं. त्यांनी एक स्वर सुधारला. पुढच्या तासाला माझ्यासमोर वाटीभर फणसाचा हलवा होता, आणि त्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. तेवढंच. बाकी चौकशी चालूच.

मार्चमध्ये मी सापळा लावला. वहीचं कोरं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. "टीचर, बघा ना, अक्षर सुधारलंय का."

त्यांनी पान खिडकीकडे धरलं, मान जरा तिरकी केली, बोट वरून खाली फिरवलं. "सुधारलं," त्या म्हणाल्या. "पन घाईत लिहितेस. वाच."

प्राजक्ताने माझ्याकडे डोळे वटारले. मी मनानेच दोन वाक्यं जुळवून मोठ्याने म्हटली. त्यांनी दुसऱ्यातली चूक दाखवली. जिना उतरताना प्राजक्ता म्हणाली, "काकी, हे तुम्ही चीप केलंत."

"बाईला वाचता येत नाही, प्राजक्ता. लहानपणी पाठ केलेली पन्नास वाक्यं आहेत, त्यांवर शिकवते आपल्याला."

"मग तुम्ही सोडा ना क्लास."

मी सोडला नाही. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. फसवणूक सापडली की ती शेवटपर्यंत बघायची खोड आहे मला, असं मी स्वतःला सांगितलं.

मेच्या मध्यात लिसी न कळवता आली. पन्नाशीतली, केस बारीक कापलेले, बोलणं आमच्यासारखंच, वसईत वाढलेली. मी पोचले तेव्हा टीचर आत चहा करत होत्या. लिसी माझ्याबरोबर बाहेरच्या गॅलरीत आली.

"ताई, आई म्हणते तुम्ही तिची बेस्ट स्टुडंट. एक विचारू? आई ठीक आहे ना? मला फोनवर सगळं छान छान सांगते. तुम्ही स्पष्ट बोलणाऱ्या वाटता."

स्पष्ट बोलणारी म्हटलं की मी बोलतेच. "तुम्हाला राग येईल, पण तुमच्या आईला मल्याळम वाचता येत नाही, असं माझं मत आहे."

ती हसली. "काय बोलता? आईने आमच्या अख्ख्या कॉलनीला शिकवलंय. तिचं अक्षर बघून लोक लग्नाच्या पत्रिका लिहून घ्यायचे तिच्याकडून."

"मी त्यांना कोरं पान दिलं होतं. त्या म्हणाल्या, अक्षर सुधारलं."

लिसीचं हसू गेलं. तिने गॅलरीतून आत बघितलं. कॅलेंडरच्या पानावरची तळहाताएवढी अक्षरं. कपाटातल्या रबर लावलेल्या बरण्या. भिंतीला चिकटून ठेवलेल्या चपला. ती एकेक वस्तू बघत होती आणि मला अजूनही कळत नव्हतं. मी रोज हॉस्पिटलात बसते. डोळ्यांचे पेशंट जिन्याच्या कठड्याला कसे धरून चढतात ते ओळखते. मी चोर शोधत होते, म्हणून आंधळी बाई माझ्या समोर आठ महिने असून मला दिसली नाही.

लिसी आत गेली. वाकली आणि स्टूल उचलून हातभर पुढे ठेवलं. उचलून ठेवलं, सरकवलं नाही. आवाज झाला नाही.

टीचर ट्रे घेऊन आल्या. मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत त्यांची नडगी स्टुलाला लागली आणि तिन्ही कप फरशीवर गेले. त्या पडल्या नाहीत. ट्रे छातीशी धरून उभ्या राहिल्या. मुलीकडे वळल्या नाहीत, माझ्या दिशेला वळल्या, या वेळी बरोबर चेहऱ्याकडे.

"स्टूल कोनी हलवलं?" त्या म्हणाल्या.

"मी, अम्मा," लिसी म्हणाली आणि रडायला लागली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता शायनी माझ्या केबिनमध्ये येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांत ती माझ्याशी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"मॅडम, काचबिंदू आहे टीचरना. एक डोळा पूर्ण गेला. दुसऱ्यात धूर. दिवसातून तीनदा ड्रॉप्स. हात कापतो, स्वतःला घालता येत नाही. सकाळी मी जाते, रात्री दुसरी सिस्टर जाते, दुपारचं एकच ड्युटीत येतं. दोन वर्षं सांभाळलं आम्ही. लिसीला कळू दिलं नाही. तुम्हाला पण कळू दिलं नाही, कारण तुम्ही दुपारचं बंद केलं असतं."

"मला सांगायचं होतं."

"तुम्हाला?" शायनी म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि ड्रॉप्स घालायला निघून गेली. मी मेमोचं पुस्तक उघडलं नाही.

मॅडम अरिञ्ञाल. मॅडमना कळलं तर.

मी लिसीकडे गेले. इंडक्शनची शेगडी बसवू, ड्रॉप्सची वेळ तक्त्यातच घालते, जिन्याला दुसरा कठडा लावून घेऊ, असं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. लिसीने कागद पूर्ण वाचला. म्हणाली, "ताई, काल स्टूल होतं. उद्या गॅस असेल." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असते तर स्टूल मीही हलवलं असतं.

म्हणून २८ मेला मी बरण्या रिकाम्या करत होते. रबर काढायचं सोडलं होतं.

दोन वाजता शायनी आली. मला बघून दारातच थांबली, मग आत आली. टीचरनी मान मागे टाकली. "मॅडम, कापूस," शायनी म्हणाली. मी कापूस दिला. एक थेंब, डोळा मीट, पाच मिनिटं. दुसरा थेंब. दोन वर्षं रोज वीस मिनिटं कुठे जातात, ते मी उभी राहून पाहिलं.

शायनी गेल्यावर मी विचारलं, "टीचर, मी कुठे काम करते ते तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. शायनी सांगायची, मॅडम चालताना किल्ल्या वाजतात. तू दारात उभी राहिलीस आनि किल्ल्या वाजल्या."

"मग साखळी का काढलीत?"

"नसती काढली तर तू दुसरी टीचर शोधली असतीस. तिनं तुला ताप, सुई, ड्युटी सगळं दोन महिन्यांत शिकवलं असतं." डोळे मिटलेलेच होते. "माझ्याकडे होतीस तर काय शिकवायचं नाय ते माझ्या हातात."

आठ महिने मी फणसाभोवती का फिरत होते, ते मला तेव्हा कळलं. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

"टीचर, मी लिसीला—"

"ते शिकवलेलं नाय मी," त्या म्हणाल्या. "असतं तर, नसतं तर. सुरू करू नको."

साडेपाचला रिक्षा आली. प्राजक्ता लवकर सुटून आली होती, तिने बॅगा खाली नेल्या. टीचरनी कुणाचा हात घेतला नाही. जिन्याच्या चौदा पायऱ्या, मग फाटकापर्यंत बावीस पावलं. ओठ हलताना दिसत होते. वॉचमनच्या बायकोला म्हणाल्या, "एक रबर मीठ," आणि न थांबता पुढे गेल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई बाजारात निघालीय. तेविसाव्या पावलाला रिक्षा असायला हवी होती. रिक्षावाल्याने ती जरा पुढे, सावलीत लावली होती. टीचरनी हात पुढे केला आणि तो हवेत राहिला.

लिसी मागे कुलूप लावत होती. मी पुढे झाले. किल्ल्या वाजल्या असणार.

"मार्था मोळे," त्या म्हणाल्या. मोळे म्हणजे मुली, पोरी. मला हा शब्द त्यांनी कधी लावला नव्हता. मी त्यांचा हात रिक्षाच्या दांडीवर नेऊन ठेवला. दांडी सापडल्यावर त्या तिथंच जरा थांबल्या.

"खरं वाक्य आन, खरं वाक्य आन, असं मीच सांगत होते," त्या म्हणाल्या. "तू आनलंस."

मग आत बसल्या, पदर आत ओढून घेतला आणि समोर बघत राहिल्या. रिक्षा वळेपर्यंत समोरच बघत होत्या. लिसीने हात हलवला. त्यांनी हलवला नाही. कुणाकडे हलवायचा ते त्यांना दिसत नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कामावर गेले. ड्युटीरूमचं दार लोटलेलं होतं आणि आत मल्याळम चाललं होतं. मी किल्ल्या मुठीत धरल्या नाहीत, वाजू दिल्या. मग दारावर टकटक केली आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहिले. वेळ लागला.